सोळा गटांची मर्यादा : संगणकीय जाळ्यावरील फाइल-वाटपाच्या प्रोटोकॉलचा ऐतिहासिक अभ्यास
(यवतमाळ जिल्ह्याच्या प्रशासकीय रचनेच्या उदाहरणासह)

सारांश

संगणकांच्या जाळ्यावर एका ठिकाणी साठविलेल्या फाइली अनेकांना वापरता याव्यात यासाठी सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८० च्या दशकात ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’ अर्थात एनएफएस हा प्रोटोकॉल विकसित केला. त्याच्या ओळख-पद्धतीत एका वापरकर्त्याच्या जास्तीत जास्त सोळा गटांचीच माहिती पाठविण्याची सोय होती. प्रोटोकॉलच्या आवृत्त्या बदलत गेल्या, परंतु ही मर्यादा कायम राहिली. प्रस्तुत शोधनिबंधात या मर्यादेचा उगम, ती टिकून राहण्याची कारणे आणि ती ओलांडण्याचे प्रयत्न यांचा आढावा घेतला आहे. आकडा वाढवून हा प्रश्न सुटला नाही. वापरकर्ता कोणत्या गटाचा सदस्य आहे हे ठरविण्याचा अधिकार मागणी करणाऱ्या संगणकाकडून फाइली सांभाळणाऱ्या संगणकाकडे आला, तेव्हाच तो सुटला, असे या अभ्यासातून दिसून येते.

बीजसंज्ञा : एनएफएस, युनिक्स, गट-सदस्यत्व, परवानगी, कर्बेरॉस, सर्व्हर, यवतमाळ जिल्हा

१. प्रस्तावना

कोणत्याही कार्यालयात दप्तर कोणी पाहावे व कोणी पाहू नये याचे नियम असतात. तहसील कार्यालयातील अभिलेख कक्षात प्रवेश मागणाऱ्याने आपली ओळख पटवावी आणि अभिलेखपालाने नोंदवही पाहून दप्तर द्यावे, ही जुनी रीत होय. संगणकाच्या आगमनानंतर दप्तराचे स्वरूप बदलले, परंतु ‘मागणारा कोण’ आणि ‘त्यास अधिकार आहे काय’ हे दोन्ही प्रश्न तसेच राहिले. या प्रश्नांची उत्तरे संगणकास कोणत्या स्वरूपात द्यावयाची, हे ज्यांनी ठरविले त्यांनी पुढील कित्येक दशकांच्या कार्यालयीन व्यवहारावर नकळत परिणाम घडवून आणला.

संगणकशास्त्राच्या इतिहासाचे लेखन बहुधा नव्या यंत्रांभोवती व मोठ्या कंपन्यांभोवती फिरते. एखाद्या आराखड्यात सोयीसाठी लिहिलेला लहानसा आकडा इतिहासकाराच्या नजरेतून सहज सुटतो. सोळा गटांची मर्यादा हा असाच एक आकडा आहे. आज महाविद्यालयांतील प्रयोगशाळा, ग्रंथालये, परीक्षा विभाग व कार्यालये सामाईक साठवणुकीवर अवलंबून आहेत. त्यामुळे हा विषय केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(१) गट-सदस्यत्वाच्या मर्यादेचा ऐतिहासिक उगम शोधणे.
(२) प्रोटोकॉलच्या नव्या आवृत्त्या येऊनही ही मर्यादा का टिकली, याची कारणमीमांसा करणे.
(३) मर्यादेवरील उपायांचे तुलनात्मक मूल्यमापन करणे.
(४) जिल्हा व महाविद्यालय पातळीवरील व्यवहारासाठी त्यातून मिळणारा बोध स्पष्ट करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, इंटरनेटच्या मानकांसाठी प्रसिद्ध होणारे ‘आरएफसी’ या नावाचे क्रमांकित दस्तऐवज हा विवेचनाचा मुख्य आधार आहे. यवतमाळ जिल्ह्याचे उदाहरण विषय समजावून देण्यासाठी कल्पिलेले आहे. ते कोणत्याही विशिष्ट कार्यालयातील घटनेचे वर्णन नाही.

३. युनिक्समधील ‘गट’ या संकल्पनेचा उगम

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स या कार्यप्रणालीचा पाया घातला. १९७१ च्या पहिल्या आवृत्तीत फाइलीसंबंधी मालक आणि इतर असा दुहेरी भेद होता. पुढील काही वर्षांत त्यात ‘गट’ ही तिसरी पायरी जोडली गेली. मालक, गट व इतर या तिघांसाठी वाचणे, लिहिणे व चालविणे अशा तीन प्रकारच्या परवानग्या, ही रचना आजही लिनक्सच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पहिल्या काही तासिकांतच शिकविली जाते.

आरंभी एक व्यक्ती एका वेळी एकाच गटात काम करू शकत असे. दुसऱ्या गटाच्या फाइली हव्या असल्यास आज्ञा देऊन गट बदलावा लागे. लहान प्रयोगशाळेत हे चालण्यासारखे होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत युनिक्सची जी स्वतंत्र परंपरा वाढली, तिने हा अडसर दूर केला. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘४.२ बीएसडी’ या आवृत्तीत एका व्यक्तीस एकाच वेळी अनेक गटांत राहण्याची मुभा मिळाली. योगायोग असा की, यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्या अमरावती विद्यापीठाची स्थापनाही १ मे १९८३ रोजीच झाली. पुढे ते संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ या नावाने ओळखले जाऊ लागले.

बर्कलीच्या या सुधारणेमागील विचार व्यवहार्य होता. मनुष्य एकाच वेळी अनेक समूहांचा घटक असतो, हे वास्तव संगणकाने मान्य केले. मात्र त्या समूहांची यादी स्मृतीत ठेवण्यासाठी जागा किती द्यावी हा प्रश्न उरलाच. स्मृती त्या काळी महाग होती. त्यामुळे यादीची लांबी आधीच ठरवून दिली जाई आणि ती लहान असे.

४. सन कंपनीची एनएफएस प्रणाली व सोळाचा आकडा

सन मायक्रोसिस्टिम्सची स्थापना १९८२ मध्ये झाली. तिच्या संस्थापकांत पुण्यात जन्मलेले विनोद खोसला, अँडी बेख्टोल्सहाइम, स्कॉट मॅकनीली आणि बर्कलीच्या युनिक्सचे प्रमुख शिल्पकार बिल जॉय यांचा समावेश होता. जॉय यांच्यामुळे बर्कलीच्या कल्पना सनच्या यंत्रांत आल्या. अनेक गटांची कल्पना त्यांपैकीच एक होय.

१९८५ मध्ये रसेल सँडबर्ग, डेव्हिड गोल्डबर्ग, स्टीव्ह क्लायमन, डॅन वॉल्श व बॉब लायन यांनी एनएफएसची रचना व अंमलबजावणी स्पष्ट करणारा निबंध सादर केला. दूरच्या संगणकावरील फाइल आपल्याच संगणकावर असल्यासारखी वापरता यावी, हा तिचा उद्देश होता. तिची दुसरी आवृत्ती सर्वत्र पसरली आणि मार्च १९८९ मध्ये १०९४ क्रमांकाच्या आरएफसीत तिची नोंद झाली.

एनएफएसचे एक वैशिष्ट्य येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. सर्व्हरने मागील विनंतीची आठवण ठेवू नये, असे तिच्या रचनाकारांनी ठरविले होते. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी काम पुढे चालू राहावे, हा त्यामागील हेतू. त्याचा परिणाम असा की, प्रत्येक विनंतीसोबत मागणाऱ्याने आपली संपूर्ण ओळख नव्याने पाठवावी लागे. ही ओळख म्हणजे वापरकर्त्याचा क्रमांक, त्याच्या मुख्य गटाचा क्रमांक आणि इतर गटांच्या क्रमांकांची यादी. प्रत्येक विनंतीसोबत जाणारी वस्तू आटोपशीर असावी, हे ओघानेच आले.

जून १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०५७ क्रमांकाच्या आरएफसीत या ओळखीचे स्वरूप नमूद आहे. तीत गटांच्या यादीची कमाल लांबी सोळा अशी दिली आहे. त्याच दस्तऐवजात ओळखीच्या मजकुरासाठी एकूण ४०० बाइटची मर्यादा घातलेली आहे. एका गटाच्या क्रमांकास ४ बाइट लागतात, म्हणजे सोळा गटांना ६४ बाइट. वेळेची खूण, संगणकाचे २५५ अक्षरांपर्यंतचे नाव, वापरकर्ता व मुख्य गट यांचे क्रमांक आणि लांबी दर्शविणारे आकडे ही सर्व बेरीज केली तर ती जास्तीत जास्त ३४० बाइट होते. उरलेल्या ६० बाइटमध्ये फार तर आणखी पंधरा गट बसले असते. सोळाचा आकडा वाढविला असता तरी थोड्याच अंतरावर दुसरी भिंत उभी होती, हे या हिशेबावरून स्पष्ट होते. यादी लांबविण्याचा मार्ग मुळातच आखूड होता.

५. मर्यादेचे प्रत्यक्ष परिणाम : एक उदाहरण

पूर्वीचा वणी जिल्हा १९०५ च्या वऱ्हाडातील फेररचनेत यवतमाळ या नावाने ओळखला जाऊ लागला व पुसदचा भाग त्यात आला. पुढे प्रशासनाच्या गरजेनुसार तालुक्यांची संख्या वाढत गेली. आज जिल्ह्यात यवतमाळ, बाभूळगाव, कळंब, राळेगाव, केळापूर, घाटंजी, वणी, मारेगाव, झरी-जामणी, दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी, पुसद, उमरखेड व महागाव असे सोळा तालुके आहेत.

आता अशी कल्पना करावी की, एखाद्या जिल्हास्तरीय कार्यालयाने सामाईक सर्व्हरवर प्रत्येक तालुक्यासाठी एक दप्तर व एक गट निर्माण केला आहे. तालुक्याचा कर्मचारी आपल्या तालुक्याच्या गटात असेल. त्यास काहीच अडचण येणार नाही. परंतु ज्या अधिकाऱ्याकडे संपूर्ण जिल्ह्याची जबाबदारी आहे तो सोळाही तालुक्यांच्या गटांत आणि शिवाय जिल्हा कार्यालयाच्या मुख्य गटात असेल. लिनक्ससारख्या कार्यप्रणालीत मुख्य गटाचा क्रमांक बहुधा इतर गटांच्या यादीतही येतो. म्हणजे यादी सतरांची झाली, आणि पाठविण्याची सोय सोळांचीच आहे. मग एक तालुका वगळला जाणार.

कोणता तालुका वगळला जाईल, हेही महत्त्वाचे आहे. लिनक्स गटांच्या क्रमांकांची चढत्या क्रमाने मांडणी करते आणि त्यातील पहिले सोळा पाठविते. नव्याने तयार केलेल्या गटास सामान्यतः मोठा क्रमांक मिळतो. झरी-जामणीचा गट सर्वांत शेवटी तयार केला असेल, तर संबंधित अधिकाऱ्यास पंधरा तालुक्यांची दप्तरे उघडता येतील आणि फक्त झरी-जामणीचे दप्तर उघडताना परवानगी नाकारल्याचा संदेश दिसेल. त्याने आपल्या संगणकावर गटांची यादी विचारली तर तीत झरी-जामणीचे नाव व्यवस्थित दिसेल. यादी बरोबर, परवानगी बरोबर, आणि तरीही दार बंद, अशी ही स्थिती असते. कारण कपात मार्गात झालेली असते व तिची कोठेही वाच्यता होत नाही.

यादी न कापता सतरा गट तसेच पाठविले असते तर काय झाले असते? नियमाचे काटेकोर पालन करणारा सर्व्हर अशी ओळख सदोष मानून संपूर्ण विनंतीच फेटाळतो. म्हणजे एका तालुक्याऐवजी सर्व तालुके बंद. या दोन्हींपैकी कपात हा मार्ग सौम्य वाटल्याने तो रूढ झाला, परंतु दोषाचे मूळ शोधणे त्यामुळे अवघड झाले.

या उदाहरणातून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, ही मर्यादा सर्वांना सारखी जाचत नाही. ज्याच्यावर जबाबदाऱ्या अधिक त्यालाच ती आडवी येते. दुसरी, तिच्यावरील तातडीचा उपाय बहुधा धोक्याचा असतो. काम अडले की दप्तर ‘इतरांना’ खुले केले जाते, किंवा दोन-तीन गट एकत्र करून एक मोठा गट केला जातो. काम सुरू होते, पण ज्यांना ते दप्तर पाहण्याचे कारण नाही त्यांनाही ते दिसू लागते. अधिकार असलेल्याची अडवणूक दूर करताना अधिकार नसलेल्यास प्रवेश मिळतो, हे या मर्यादेचे सर्वांत गंभीर फलित होय.

६. आवृत्त्या बदलल्या, आकडा राहिला

जून १९९५ मध्ये एनएफएसची तिसरी आवृत्ती १८१३ क्रमांकाच्या आरएफसीत प्रसिद्ध झाली. दुसऱ्या आवृत्तीत फाइलीचा आकार ३२ बिटांच्या अंकात मोजला जात असल्याने मोठ्या फाइली हाताळता येत नसत. तिसऱ्या आवृत्तीने ६४ बिटांचे अंक स्वीकारून ती अडचण दूर केली. गटांची मर्यादा मात्र तशीच राहिली. याचे कारण रचनेत आहे. फाइलीचा आकार हा एनएफएसचा विषय होता, तर ओळखीचे स्वरूप हा तिच्या खालच्या थराचा, म्हणजे दूरस्थ कार्यवाहीच्या प्रोटोकॉलचा विषय होता. वरचा मजला नव्याने बांधला तरी जोते जुनेच होते.

दुसरे कारण परस्पर-सुसंगतीचे आहे. तोपर्यंत निरनिराळ्या कंपन्यांचे सर्व्हर व क्लायंट जगभर एकमेकांशी बोलत होते. एकाने आकडा बदलला असता तर दुसऱ्याने त्यास नाकारले असते. २००९ मध्ये दूरस्थ कार्यवाहीच्या प्रोटोकॉलचा ५५३१ क्रमांकाचा आरएफसी आला, त्यातही सोळा हाच आकडा कायम आहे. दरम्यान कार्यप्रणाली पुढे गेल्या होत्या. लिनक्समध्ये २००४ मधील २.६.४ या आवृत्तीपर्यंत एका वापरकर्त्यास ३२ गटांची मर्यादा होती, ती त्या आवृत्तीत ६५,५३६ करण्यात आली. एकाच संगणकापुरता प्रश्न मिटला. जाळ्यावर पाऊल ठेवताच मात्र ६५,५३६ चे पुन्हा सोळा होत.

चौथ्या आवृत्तीचा इतिहास अधिक बोलका आहे. मे १९९८ मध्ये सन कंपनी व इंटरनेट सोसायटी यांच्यातील करार २३३९ क्रमांकाच्या आरएफसीत नोंदविला गेला आणि एनएफएसच्या पुढील विकासाची सूत्रे कंपनीकडून मानकांच्या सार्वजनिक संस्थेकडे आली. डिसेंबर २००० मध्ये चौथी आवृत्ती प्रसिद्ध झाली व एप्रिल २००३ मध्ये ३५३० क्रमांकाच्या आरएफसीत ती सुधारून मांडली गेली. तीत वापरकर्त्याची व गटाची नावे क्रमांकाऐवजी अक्षरांत लिहिण्याची पद्धत आली, परवानग्यांच्या सविस्तर याद्यांची सोय झाली आणि सुरक्षित ओळख-पद्धती प्रत्येक निर्मात्याने उपलब्ध करून देणे बंधनकारक झाले.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. चौथी आवृत्ती बसविली की सोळा गटांची मर्यादा संपते, असे अनेकदा समजले जाते. प्रत्यक्षात सुरक्षित पद्धत उपलब्ध करून देणे बंधनकारक होते, वापरणे नव्हे. चौथ्या आवृत्तीवर जुनीच ओळख-पद्धत चालू ठेवली तर तीच यादी व तोच आकडा कायम राहतो. आवृत्तीचा क्रमांक वाढणे आणि मर्यादा दूर होणे या दोन स्वतंत्र घटना आहेत.

७. प्रश्नाची फेरमांडणी : सर्व्हरकडील नोंदवही

यादी किती लांब असावी, या प्रश्नाभोवती विचार फिरत होता तोपर्यंत मार्ग सापडला नाही. यादी पाठवावीच कशाला, असा प्रश्न विचारल्यावर तो सापडला. वापरकर्त्याचा क्रमांक सर्व्हरला मिळतोच. तो कोणकोणत्या गटांत आहे, हे सर्व्हरने आपल्याकडील नोंदवहीत पाहावे. क्लायंटने पाठविलेली यादी बाजूला ठेवावी. लिनक्सच्या सर्व्हरमध्ये ही सोय २००७ च्या सुमारास उपलब्ध झाली. प्रोटोकॉलमध्ये एका अक्षराचाही बदल करावा लागला नाही, क्लायंटनाही हात लावावा लागला नाही, हे तिचे वैशिष्ट्य.

हाच विचार इतरत्रही स्वतंत्रपणे रुजला. महासंगणकांवर वापरल्या जाणाऱ्या लस्टर या फाइल-प्रणालीत वापरकर्त्याचे गट सर्व्हरच्या बाजूने शोधण्याची व्यवस्था आहे. बंगळूरु येथील अभियंत्यांचा मोठा सहभाग असलेली आणि २०११ मध्ये रेड हॅट कंपनीने संपादन केलेली ग्लस्टर ही प्रणालीही याच दिशेने गेली. तिच्या स्वतःच्या ओळख-पद्धतीत सोळाऐवजी सुमारे ९३ गट बसत, कारण तेथेही ४०० बाइटची भिंत होतीच. अखेर तिनेही सर्व्हरकडून गट शोधण्याचा पर्याय दिला. काही व्यावसायिक साठवण-प्रणालींनी याच पद्धतीने १,०२४ गटांपर्यंत मजल गाठली.

या उपायाच्या अटीही समजून घ्याव्या लागतात. सर्व्हरकडील नोंदवही पूर्ण व अद्ययावत असली पाहिजे. ज्या वापरकर्त्याचे नाव तीत नाही त्याला गटांचा लाभ मिळणार नाही. अनेक संगणकांवर वेगवेगळ्या नोंदवह्या असतील तर गोंधळ होईल, म्हणून सर्वांसाठी एकच केंद्रीय निर्देशिका ठेवणे इष्ट ठरते. सनची ‘एनआयएस’ व पुढे प्रमाणित झालेली ‘एलडॅप’ या अशा निर्देशिका होत. शिवाय सर्व्हर गटांची माहिती काही काळ स्मृतीत ठेवतो. त्यामुळे एखाद्यास गटातून काढल्याचा परिणाम तत्काळ दिसेलच असे नाही.

८. ओळखीच्या सत्यतेचा प्रश्न

गटांची यादी सर्व्हरने पाहिली, तरी मागणारा कोण हे तो अद्याप क्लायंटच्या सांगण्यावरूनच मानतो. ज्याच्या हाती क्लायंट संगणकाचे सर्वाधिकार आहेत तो दुसऱ्याचा क्रमांक सांगून विनंती करू शकतो. एनएफएसचा जन्म झाला तेव्हा जाळ्यावरील संगणक मोजके व परस्परांच्या विश्वासातील होते. महाविद्यालयाच्या परिसरात कोणीही स्वतःचा संगणक जोडू शकतो, तेव्हा तो विश्वास टिकत नाही.

मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९८३ मध्ये सुरू झालेल्या ‘अथेना’ प्रकल्पातून कर्बेरॉस ही पद्धत निर्माण झाली. तीत वापरकर्ता एका विश्वासार्ह तिसऱ्या पक्षाकडून गुप्तलिपीतील परवाना मिळवितो व तो सर्व्हरला सादर करतो. सप्टेंबर १९९७ च्या २२०३ क्रमांकाच्या आरएफसीने ही सुरक्षित ओळख दूरस्थ कार्यवाहीच्या प्रोटोकॉलशी जोडली. युनिक्स परंपरेतील या व्यवस्थेत परवान्यावर व्यक्तीचे नाव असते, आणि गट सर्व्हर आपल्याकडील निर्देशिकेत पाहतो. म्हणून सोळाची मर्यादाही उरत नाही आणि खोट्या ओळखीचा मार्गही बंद होतो.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज परंपरेने तिसरा मार्ग धरला. तेथे कर्बेरॉसच्या परवान्यातच गटांची यादी असते, परंतु ती केंद्रीय सर्व्हरने प्रमाणित केलेली असते. विश्वासाचा प्रश्न सुटतो, आकाराचा मात्र पुन्हा उभा राहतो. परवान्याची कमाल लांबी १२,००० बाइट ठेवली होती, ती विंडोज सर्व्हर २०१२ पासून ४८,००० करावी लागली. यादी जेथे प्रवास करते तेथे कधी ना कधी जागा अपुरी पडते, या निष्कर्षाला त्यामुळे पुष्टी मिळते.

सप्टेंबर २०२२ मध्ये ९२८९ क्रमांकाच्या आरएफसीने जाळ्यावरील वाहतूक गुप्तलिपीत पाठविण्याची व संगणकाची ओळख पटविण्याची सोय दिली. मात्र वाहतूक गुप्त झाली म्हणून तिच्या आतील जुनी यादी लांबत नाही. सुरक्षिततेची साधने परस्परांना पूरक असतात, एक दुसऱ्याची जागा घेत नाही.

९. महाराष्ट्र व महाविद्यालये यांच्या संदर्भात

महाराष्ट्रात सन परंपरेचा एक ठळक आविष्कार पुण्यात झाला. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक घडविला. १९९८ चा परम १०००० हा सन कंपनीच्या अल्ट्रास्पार्क प्रक्रियकांवर उभारलेला होता. या संस्थेचे संस्थापक संचालक डॉ. विजय भटकर हे मूळचे वऱ्हाडातील अकोला जिल्ह्याचे. अनेक संशोधकांनी एकाच साठवणुकीवर काम करण्याची संस्कृती अशा केंद्रांतून राज्यात रुजली.

जिल्ह्याच्या ठिकाणी ही संस्कृती पुढे आली. २००९ मध्ये सुरू झालेल्या माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानाने महाविद्यालयांना जाळ्याने जोडण्याचा कार्यक्रम हाती घेतला. मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रसारामुळे लिनक्सचा सर्व्हर ही परवडणारी गोष्ट झाली. त्याचबरोबर जुन्या मर्यादाही नव्या जागी आल्या.

महाविद्यालयातील प्राध्यापकाच्या कामाचे स्वरूप पाहिले तर सोळा हा आकडा किती अपुरा आहे हे ध्यानात येते. विषय विभाग, परीक्षा, प्रवेश, ग्रंथालय, राष्ट्रीय सेवा योजना, क्रीडा, रॅगिंग प्रतिबंध, तक्रार निवारण, संशोधन, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष अशा दहा समित्या सहज होतात. ‘नॅक’च्या सात निकषांसाठी सात उपसमित्या केल्या व एखाद्या समन्वयकाकडे त्या सर्वांची जबाबदारी आली, तर संख्या सतरा होते. नवीन शैक्षणिक धोरणानुसार विद्यार्थी एका सत्रात निरनिराळ्या विद्याशाखांचे विषय घेतात. प्रत्येक विषयासाठी एक गट व सत्रास सहा विषय धरले आणि जुने गट काढून टाकले नाहीत, तर तिसऱ्या सत्राअखेर अठरा गट होतात. म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या मध्यावरच मर्यादा ओलांडली जाते.

अशा वेळी दप्तर सर्वांना खुले करणे हा सोपा मार्ग टाळला पाहिजे. गुणपत्रके, शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचे दाखले, तक्रारींची कागदपत्रे ही विद्यार्थ्यांची खासगी माहिती आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अशा माहितीच्या जपणुकीची जबाबदारी ती बाळगणाऱ्या संस्थेवर टाकली आहे. तांत्रिक मर्यादा हे त्या जबाबदारीतून सुटण्याचे कारण होऊ शकत नाही.

१०. निष्कर्ष

(१) सोळा गटांची मर्यादा कोणत्याही धोरणातून जन्माला आली नाही. प्रत्येक विनंतीसोबत ओळख पाठविण्याच्या रचनेतून व स्मृतीच्या काटकसरीतून ती आली. तिचे परिणाम मात्र धोरणासारखे झाले.

(२) ही मर्यादा ओळख-पद्धतीच्या थरात असल्याने एनएफएसच्या आवृत्त्या बदलून ती दूर झाली नाही. चौथी आवृत्ती स्वीकारतानाही ओळख-पद्धत कोणती ठेवली आहे, हे तपासणे अनिवार्य आहे.

(३) यादी लांबविण्याचे प्रयत्न सोळावरून ९३ वर, १२,००० बाइटवरून ४८,००० बाइटवर गेले, तरी ते मर्यादेचे स्थलांतर ठरले. गट शोधण्याचे काम सर्व्हरकडे सोपविणे हाच टिकाऊ मार्ग ठरला.

(४) लहान महाविद्यालयासाठी पुढील क्रम व्यवहार्य दिसतो : प्रथम कालबाह्य गट काढून टाकावेत, नंतर एक केंद्रीय निर्देशिका उभारावी, त्यानंतर सर्व्हरकडून गट शोधण्याची सोय सुरू करावी आणि मनुष्यबळ उपलब्ध होताच कर्बेरॉसकडे वळावे. पहिल्या तीन पायऱ्यांना नव्या यंत्रसामग्रीपेक्षा शिस्तबद्ध नोंदींची अधिक गरज आहे.

(५) एखाद्यास परवानगी नाकारली गेली, तर परवानगी सैल करण्यापूर्वी त्याच्या गटांची संख्या मोजावी. सतरावा गट हे अनेक अनाकलनीय अडचणींचे साधे उत्तर असू शकते.

अभिलेख कक्षातील जुन्या रीतीकडे पाहिले असता असे दिसते की, दप्तर मागणाऱ्याने आपल्या सर्व अधिकारांची यादी खिशात घेऊन फिरावे अशी अपेक्षा तेथे नव्हती. तो नाव सांगे, ओळख पटवी आणि नोंदवही अभिलेखपालाजवळ असे. संगणकाच्या जाळ्याने सुमारे दोन दशकांचा वळसा घेऊन हीच व्यवस्था स्वीकारली. आता ती नोंदवही पूर्ण व अद्ययावत ठेवणे, एवढेच काम संस्थांच्या हाती उरते, आणि ते कोणताही प्रोटोकॉल त्यांच्यासाठी करू शकत नाही.